दगडामागं ठेवलेलं फावडं
परवा भिंगारच्या बाजारात चपलेचा सोल चिकटवून घेताना सोल्यूशनचा वास आला आणि जुना राग उसळला. सुप्याच्या कारखान्यातल्या मित्रासोबत मी हिमाचलात स्कीवर बर्फाचा डोंगर चढायला गेलो होतो. चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवतात, त्यांना असाच वास होता. पाच तास चढलो. उतरायला जेमतेम वीस मिनिटं लागणार होती, तरी मी खूश होतो. माथ्याखाली बर्फ कोसळण्याची भीती होती, म्हणून गाडलेल्याला उकरायचं फावडं प्रत्येकाकडे आहे ना, हे बघायला वाटाड्यानं निघताना तपासलेल्या सॅक पुन्हा उघडायला लावल्या. मित्राच्या सॅकमध्ये फावडंच नव्हतं. “लई जड हुतं. पहिल्या थांब्यावर दगडामागं ठेवलं,” तो म्हणाला. वाटाड्यानं तिथूनच आम्हाला परत फिरवलं. मी ओरडलो, “मी बर्फाखाली गाडला गेलो असतो तर कशानं उकरलं असतंस?” “हातानं,” म्हणत तो चक्क हसला. आता तो सुप्यात सगळ्यांना सांगतो, की मी घाबरलो म्हणून परतावं लागलं. एवढा खटाटोप वसूल होतो का, असं लोक मला विचारतात. होतो. पण त्याच्यासोबत मी साध्या टेकडीवरही जाणार नाही.