खुब्यातला खटका

माझा स्वभावच संशयी. गवळ्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारी बाई मी. त्यामुळे आमचा आठ महिन्यांचा लॅब्रडोर उठताना कण्हायला लागला, पळताना मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारायला लागला, तेव्हा आजाराचा विचार माझ्या मनातच आला नाही. कुणीतरी मारलंय, हेच डोक्यात घेतलं.

आधी वरच्या मजल्यावरच्या बाईंवर डोळा ठेवला, मग वॉचमनवर. शेवटी नजर घरातच आली. सासरे, म्हणजे आमचे मामा, गावाकडून राहायला येऊन दोन महिने झाले होते. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. कुत्र्याला सोफ्यावर बघून 'लई लाड' म्हणाले होते, ते मी विसरले नव्हते.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. एके दिवशी लाइट गेली म्हणून दुपारीच सुटलो. घरात पाऊल टाकते तर मामांनी कुत्र्याला कुशीवर पाडलेलं. एक हात त्याच्या कमरेवर, दुसऱ्या हातानं मागची मांडी धरून बाहेर फिरवत होते. कुत्रं कळवळलं आणि माझं टाळकंच सरकलं.

"तरीच म्हटलं! मामा, तुम्हीच याचा पाय मोडलाय."

त्यांनी हात काढून घेतला. खुब्यात खटका लागतोय, असं काहीतरी सांगायला लागले. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून ते एसटी स्टँडवर गेले. नवऱ्यानं हातापाया पडून बघितलं. मला मात्र, सांगायला लाज वाटते, बरंच वाटलं.

मग कुत्र्याला डॉक्टरांकडे नेलं. घरातल्याच माणसानं मारलंय, हे मी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, कुत्र्याला कुशीवर निजवलं, एक हात कमरेवर ठेवला आणि मांडी बाहेर फिरवली. अगदी तस्संच. नंतर उताणं करून, पाय सरळ ताणून एक्स-रे काढला. खुब्याची वाटी उथळ, हाडाचा गोळा अर्धा बाहेर. माराची खूणही नव्हती. हे आईबापाकडून येतं, म्हणाले, आणि दोनेक महिने आधी आणलं असतं तर जास्त करता आलं असतं.

घरी येऊन मी गावाकडे फोन लावला. चुकलं माझं, असं मी म्हणाले. मेंढा घेताना खुबा असाच बघतात, असं मामांनी शांतपणे सांगितलं. आमच्याकडं आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना कुत्र्याच्या चालीत खोट दिसली होती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू माज्याकडं कशी बगायचीस, ते कळत हुतं की मला. म्हणलं, तू घरात नसताना बगावं."