तणसाविना संत्री

गणित माणसानं रचलं, की ते आधीच होतं आणि माणसाला नुसतं सापडलं? नागपूरच्या कॉलेजात दरवर्षी पहिल्या तासाला मी हा प्रश्न विचारायचो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचो. सापडलं! पुरावा? संत्र्यांचा ढीग. गोल वस्तू सगळ्यात दाट कशा बसतात हे सिद्ध करता करता गणितज्ञांची शतकं गेली. फुटपाथवरची फळवाली ते रोज सकाळी करते. पोरं टाळ्या वाजवायची. टाळ्यांनी माणूस बिघडतो.

असा बिघडलेला मी संत्र्यांच्या तोड्याच्या दिवसांत काटोलकडे सासऱ्यांच्या बगिच्यात गेलो. त्यांची पेटी मंडीतला व्यापारी न उघडता पुढे पाठवायचा. पंचक्रोशीत तेवढीच त्यांची ऐट. बाया पेट्यांत संत्र्यांच्या थराथरांत तणस, म्हणजे भाताचं वाळलं गवत, घालत होत्या. एवढी जागा वाया! मी फतकल मारली, तणस उपसलं आणि प्रत्येक फळ खालच्या तिघांच्या खळगीत बसवलं.

पेट्या भरणारी म्हातारी म्हणाली, "काहून जी, तणस काढून राहिले? फळाले हवा नाही लागत का?"

"आजी, हे गणित आहे."

"असन बाप्पा. पण हे संत्रं आहे ना!"

"चूप वं," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "जमन ना, जावईबापू?"

आमच्याकडे जावयाला चूक म्हणायची पद्धत नाही. सगळ्या पेट्या माझ्या पद्धतीनं भरल्या गेल्या.

परराज्यात उघडल्या तेव्हा खालची फळं चेपलेली, वरची बुरसलेली. सिद्धान्त आजही खराच आहे. फक्त त्यातल्या गोलाला वजन नसतं, तो घामेजत नाही. संत्रं म्हणजे तसा गोल, हे मी गृहीत धरलं होतं. ते तपासणं विज्ञानाचं काम, आणि त्याला प्रयोगशाळाही लागली नसती. म्हातारी पुरली असती.

"हवामानच खराब होतं जी," सासरे मला म्हणाले, आणि जेवताना पोळीवर जास्तीचं तूप वाढायला लावलं. मला शिवी हवी होती.

पुढच्या हंगामात मी त्यांच्यासोबत मंडीत गेलो. व्यापारी त्यांची एकेक पेटी उघडून, हात खुपसून बघत होता. सासरे बाजूला उभे, टोपी हातात.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"आमचे जावई," सासरे म्हणाले. "गणिताचे प्रोफेसर आहेत." आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.