लग्नानंतर कापलेली तुळस

शाळेत तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, आणि घरात मात्र माझी अक्कल चरायला गेली.

माझ्या एकुलत्या एक मुलाने तापीकाठच्या आमच्या शेतात तुळस लावली होती. बांधावर तेल काढायची भट्टीही बसवली. "यंदा तेल उतरनं तर गावमाच ऱ्हासू, नही ते गुजरातमा कंपनीमा जासू," असं त्याने मला तोंडावर सांगितलं होतं. मला तो गावात हवा होता. दुसरं काहीच नको होतं.

आश्विनात मंजिऱ्या फुलल्या. त्याने चाचणीला हाताने खुडलेले दोन भारे वाफवले, छोटी बाटली भरली. अहाहा, काय वास! लवंग चावल्यासारखा नाकात चढला. "हाई युजेनॉल शे माय, लवंगमा ऱ्हास तेच," तो म्हणाला. "बी धरं का तेल सरी जास. आतेच कापनं पडी."

मी उसळलेच. "लगीन लागाना पहिले तुळस कापशी? कुवारी पोर शे ती!" आमच्या घरात तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिला विळा लावत नाहीत. मी विळेच काढून कोठीमागे ठेवले. तो हसला आणि भट्टी पुसायला गेला. आईचा शब्द मोडायची त्याला सवयच नव्हती, मेल्याला.

कार्तिकात थाटात लग्न लावलं. उसाचा मांडव, बोरं, आवळे, मंगलाष्टकं, सगळं. दुसऱ्या दिवशी कापणी. तोवर मंजिऱ्या वाळल्या होत्या, हात लावला की बी भुरभुर गळायचं. अख्खं शेत वाफवलं, तर पाण्यावर नुसता तवंग आला. वास ओल्या भुशाचा. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच महिन्यात तो गुजरातला गेला. रंगाच्या कारखान्यात आहे.

या दिवाळीला दोन दिवस आला. चाचणीची ती बाटली मी देवघरात जपली होती. बूच सैल राहिल्याने तेल कधीच उडून गेलं होतं. मी रोज हुंगून बघायची, काही म्हणजे काही येत नव्हतं. तरी वेडी आशा, त्याच्या नाकाशी धरली. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"अजून तसाच येस वास, माय."

मला बरं वाटावं म्हणून बोलला, की कारखान्याने त्याचं नाकच खाल्लं? विचारायची छाती झाली नाही. मी बूच घट्ट लावलं आणि बाटली परत देवघरात ठेवली.