रंगवलेल्या दाराची कडी

आमच्या गावात पालिकेच्या दोन शाळा आहेत आणि मधे एक नाला. अलीकडच्या शाळेची भिंत रेल्वेच्या डब्यासारखी रंगवली, तेव्हापासून पलीकडची ओस पडत चालली आहे. यंदा पट भरला नाही तर ती बंदच होणार. शिकवतात तिथेच चांगलं, पण इंजिन नाही ना!

काल मी अलीकडच्या फाटकावर पलीकडच्या शाळेची पत्रकं वाटत उभा होतो. एक गृहस्थ मुलीला पहिलीत घालायला आले. मुलगी थेट भिंतीपाशी गेली आणि डब्याच्या दाराची रंगवलेली कडी ओढू लागली.

“पिंके, ते चित्र आहे गं.”

“मग आत कसं जायचं?”

माझं डोकंच तापलं. म्हटलं, “दादा, भिंत बघून शाळा निवडता? पलीकडे बाई एकेकाला जवळ बसवून वाचायला शिकवतात. हे पत्रक वाचा.”

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. “छान आहे. रंगीत छापलंय.”

संतापलो. दुकान पाटीवरून, लग्न मांडवावरून आणि पुढारी बॅनरवरून जोखणारं आमचं गाव. पत्रकाचा मजकूर सुचण्याआधी मीसुद्धा त्याचा रंगच ठरवला होता.

पिंकी अजून कडीशी झटत होती. शेवटी ती वैतागली.

“पप्पा, ही गाडी उघडतच नाही. दुसरी बघू!”

ते हसले, लेकीला कडेवर घेतलं आणि माझ्या पत्रकाने तिला वारा घालत नाल्यावरच्या पुलाकडे निघाले. एक ओळही न वाचता!