धम्मदीपनं फेल सांगितलेल्या बोअर

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव मी घरात घेत नाही. सासूबाईंना खपत नाही. इथे घेते. धम्मदीप. वलगावात त्यांचं मोटार बांधायचं दुकान आहे, म्हणजे शेतातल्या पाण्याची मोटार जळली की जुनी तार काढून नवी भरून द्यायची. माणूस कमालीचा भित्रा. घरात पाल निघाली की ते खाटेवर आणि झाडू माझ्या हातात. माझ्या अंगणवाडीतली लेकरं तुमच्यापेक्षा धीट आहेत असं मी त्यांना तोंडावर सांगते, आणि ते मान्यही करतात.

अशा माणसाला जमिनीच्या पोटात डोकावायची हौस कुठून आली, ते मला अजून कळलेलं नाही. निमित्त झालं एका अडकलेल्या मोटारीचं. कोणाच्या तरी बोअरमध्ये मोटार फसली होती. चार माणसं तीन दिवस दोर ओढत होती आणि प्रत्येकजण आपापला अंदाज सांगत होता. धम्मदीप घरी येऊन म्हणाले, "आत काय हाये थे दिसलं असतं, तं एका घंट्याचं काम होतं." पुढच्या आठवड्यात ते अकोल्याला गेले आणि भंगारातून गाडी मागे घेताना लागतो तो कॅमेरा घेऊन आले.

त्यानंतर आमच्या घरात जेवायला जागा उरली नाही. प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे, टॉर्चमधले बारके दिवे, एम-सील, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. कॅमेऱ्यापुढे लावायची जाड काच बडनेऱ्याच्या एका घड्याळवाल्यानं कापून दिली. मग ते सगळं दोरीला बांधून आमच्या प्यायच्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. पहिले तीन कॅमेरे पाणी शिरून मेले. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमचा पोट्टा पान्यात टीव्ही पाह्यते." चौथा मात्र टिकला. पाचशे फूट वायरीवर दर दहा फुटांना लाल चिकटपट्टी मी स्वतः गुंडाळली. पडदा एका मोडक्या गाडीतला होता आणि बॅटरी आमच्याच मोटरसायकलची.

काम खरंच चांगलं होतं. बोअर कुठे ढासळली, झरा कोणत्या फुटावर आहे, मोटार कशात अडकली, सगळं पडद्यावर दिसायचं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गर्दी जमायची आणि लोक धम्मदीपला डॉक्टर म्हणायचे. पाणी दिसलं की माणसं टाळ्या वाजवायची. नाही दिसलं की धम्मदीप वायर गुंडाळता गुंडाळता एकच शब्द बोलायचे, "फेल." मग आम्ही चहा घेऊन निघायचो.

फेल म्हटल्यावर मागे काय होतं, ते आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे कोणी कामाची वस्तू टाकून देत नाही. शेतकरी आधी मोटार काढतो, मग पाणी वर आणणारा पाइप काढतो, आणि शेवटी बोअरच्या तोंडाशी मातीत बसवलेला रुंद केसिंग पाइपही उपटतो, कारण पुढच्या बोअरला तो चालतो. हा केसिंग जमिनीच्या वर दीडेक फूट असतो. लेकरू त्याला अडखळेल, पण आत पडणार नाही. तो काढला की उरतं ते जमिनीच्या बरोबरीचं नऊ इंचाचं भोक. त्याच्यावर एक पोतं टाकायचं, पोत्यावर दगड ठेवायचा, झालं. मी अशी पोती डोळ्यांनी पाहिली होती आणि काही बोलले नव्हते. मी अंगणवाडीत दिवसभर लेकरंच सांभाळते, तरी बोलले नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात होती. रविवारी दुपारी दीडला खुशालरावांचा फोन आला. त्यांचं शेत आमच्यापासून सहा किलोमीटरवर, आणि त्यांची बोअर धम्मदीपनं वीस दिवसांपूर्वीच पाहिली होती. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"कॅमेरा घेऊन या, लवकर या. आमची आचल दिसून नाही राह्यली. बोअरचं तोंड उघडं हाये."

आचल म्हणजे त्यांची नात, तीन वर्षांची. धम्मदीप फोन हातात धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "मीच फेल सांगतलं होतं." मी म्हटलं, "आधी चला." वायरीचं रीळ मांडीवर घेऊन मी मोटरसायकलवर मागे बसले.

शेतात चाळीसेक माणसं होती. आचलची आई सीमा मातीत बसली होती आणि दोन बायांनी तिला दंडाला धरून ठेवलं होतं. ती रडत नव्हती. अमरावतीहून मदतीची गाडी निघाली आहे असं कोणीतरी सांगत होतं. कोणी दोर आणला होता, कोणी गळ. बोअरच्या कडेची काळी माती ढासळून तोंड आणखी रुंद झालं होतं. पोतं आणि दगड दोन्ही जागेवर नव्हते.

मी सीमाला विचारलं, "काय घातलं होतं तिनं?"

"लाल फ्राक," ती म्हणाली.

धम्मदीप बॅटरीला वायर जोडायला गेले, तर त्यांना लाल कोणती आणि काळी कोणती हे उमजेना. मी जोडली. पडदा उजळला तसे ते मागे सरकले. "नीलम, तू पाह्य. मी वायर सोडतो. माह्याच्यानं नाही पाह्यनं होत." दोघांनीही मागे सरकून चालणार नव्हतं.

कॅमेरा आत गेला. पडद्यावर काळी माती आणि तिच्यातल्या भेगा दिसत होत्या. पहिली पट्टी बोअरच्या तोंडातून गेली, दहा फूट. बाभळीची पांढरी मुळं. दुसरी पट्टी, वीस. इतकी माणसं असून कोणी खोकत नव्हतं. पंचवीसच्या आसपास मला लाल दिसलं.

मी तळहात पडद्यावर ठेवला. सीमा माझ्या मागेच होती आणि तिला दिसू नये एवढंच मला सुचलं. पण धम्मदीपनं माझा हात पाहिला आणि वायर धरल्याधरल्या ते खालीच बसले. खुशालराव "काय हाये? काय हाये व माय?" म्हणत राहिले. मी बोटांच्या फटीतून पुन्हा पाहिलं. ती अक्षरं होती. खताच्या पोत्यावर छापलेली लाल अक्षरं.

जीव भांड्यात पडेल असं वाटलं, पण पडला नाही. तोंडावर झाकलेलं पोतंच आत जाऊन पंचवीस फुटांवर बसलं होतं आणि मधोमध खाली झोळ आला होता. ते दगडाच्या वजनानं गेलं, की कोणाचा पाय पडून? दगड पोत्यावर दिसत नव्हता. पोत्याच्या खालचं कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं. धम्मदीपनं वायर दोनदा वरखाली केली, कॅमेऱ्यानं पोतं ढोसलं, ते हललं नाही. जास्त ढोसायची त्यांची हिंमत होईना, कारण खाली लेकरू असलं तर पोतं त्याच्यावरच बसणार. खुशालराव पोटावर झोपून भोकात तोंड घालून हाक मारू लागले. "आचल, ए आचल, आजोबा आलो ना बेटा." मग सगळे कान देऊन थांबायचे. आतून काही येत नव्हतं. असं किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही. मला एवढंच आठवतं, की मी मनात बुद्धवंदना म्हणायला घेतली आणि लहानपणापासून पाठ असलेली वंदना मला दुसऱ्या ओळीच्या पुढे आठवली नाही.

आणि मग तिकडच्या धुऱ्यावरून गोदाबाई आली. शेजारच्या शेतात वेचणीला येणारी म्हातारी. डोक्यावर कापसाचं गाठोडं आणि बोटाला आचल. पोरीच्या तोंडात तुरीची शेंग होती.

"काहून एवढे लोक जमले बापा?" गोदाबाई म्हणाली. "पोट्टी माह्या मांगं मांगं आली. म्हनलं, राहू दे, शेंगा खाते."

सीमा उठली नाही. तिला उठताच आलं नाही. कोणीतरी पोर तिच्या मांडीवर आणून ठेवली, तर ती आधी पोरीचे पाय चाचपत बसली, मग पोट, मग डोकं. माणसं एकदम बोलायला लागली. हसायलाही लागली. गोदाबाईला दोघातिघांनी झापलं, मग तिलाच चहा दिला. येणाऱ्या गाडीला फोन करून परत पाठवलं. खुशालराव डोळे पुसत धम्मदीपजवळ आले. "चला भाऊ, चहा घ्या. काही झालं नाही, सुटलो."

धम्मदीप बोअरच्या तोंडाशी बसले होते, भोकाच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून. "केसिंग कोनं काढला?" त्यांनी विचारलं.

"मीच काढला. तुमीच तं म्हनलं, फेल हाये."

"हो, मीच म्हनलं."

"उद्या बुजवू ना आरामानं. उठा."

"बुजवल्याबिगर मी उठत नाही," धम्मदीप म्हणाले.

लोकांना आधी गंमत वाटली. मग खुशालरावांना राग आला, ट्रॅक्टर कापूस घेऊन गेला आहे, आत्ता मुरूम कुठून आणू म्हणाले. धम्मदीप वाद घालत नव्हते, फक्त उठत नव्हते. पालीला घाबरणारा माझा नवरा चाळीस माणसांचं बोलणं खाली मान घालून ऐकत राहिला. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. दोन तासांनी मुरुमाची ट्रॉली आली. भोक शिगोशीग भरलं, तेव्हाच त्यांनी पाय काढले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. कोणाकोणाला फेल सांगितलं, ते आठवायला बसले. एकोणतीस शेतं निघाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकेक गाठू लागलो. बाराजणांनी आधीच बुजवली होती. काहींनी आमच्यासमोर बुजवली, काहींनी शिव्या दिल्या आणि मग बुजवली. एका ठिकाणी बोअरच्या तोंडाला फक्त तुरीच्या काड्या होत्या आणि दोन पावलांवर झोळीत लेकरू निजलं होतं. त्या शेतातून बाहेर आल्यावर धम्मदीपनं गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली.

अठ्ठावीस झाल्या. एकोणतिसावी नांदगाव खंडेश्वरच्या पुढे. शेत विकलं गेलं होतं. नवे मालक डोमाजी म्हणाले, "इथं कोनती बोर नाही. मी सारं वावर नांगरलं." जुना मालक पुण्याला लेकाकडे गेला होता. तो फोनवर म्हणाला, केसिंग काढला होता, जागा बाभळीपासून तीसेक पावलं. ती बाभूळ डोमाजींनी तोडली होती. बुडखासुद्धा उरला नव्हता. त्या जागी दोन एकर हरभरा उभा होता, हिरवागार, एकसारखा.

आम्ही बांबू घेऊन ओळीओळीनं ठोकत गेलो. धम्मदीपच्या कमरेला दोर बांधून मी मागे चालत होते. नांगरटीच्या ढेकळांचं झाकण भोकावर बसलं असणार आणि त्याच्यावर हरभरा उगवला असणार. ते किती वजन पेलतं, हे कोणाला माहीत. प्रत्येक पावलाला मी दोर ताणून धरायचे. बोअर सापडली नाही. हरभरा तुडवला म्हणून डोमाजींनी आम्हाला बाहेर काढलं. "पीक निघू द्या, मंग काय खोदायचं थे खोदा." गावातल्या मोठ्या माणसांना सांगितलं. ते बघू म्हणाले. निंदणाला, म्हणजे तण काढायला येणाऱ्या बायांना सांगितलं, तर त्या घाबरल्या, पण म्हणाल्या, लेकरं ठेवायची कुठी? घरी कोणी नाही.

हरभरा निघायला अजून पाच आठवडे आहेत. धम्मदीप आता सकाळी दुकान उघडत नाहीत. बाया निंदणाला आल्या की त्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसतात. सोबत कॅमेरा, पडदा आणि बॅटरी. काल मी अंगणवाडी सुटल्यावर डबा घेऊन गेले. पाच लेकरं पडद्याभोवती दाटीवाटीनं बसली होती. धम्मदीप कॅमेरा त्यांच्या तोंडांसमोर धरत होते आणि लेकरं आपापले दात, जिभा, नाकं मोठी झालेली बघून खिदळत होती. एकही उठत नव्हतं.

मी म्हटलं, "डबा आणला, खाऊन घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि परत पहिल्यापासून, एक, दोन.