खिळ्याने कोरलेली तारीख

आमच्या कट्टप्पनाच्या टॅक्सी स्टँडवर इट्टूप आशानना सगळे हसायचे. आशान म्हणजे उस्ताद, गॅरेजवाल्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. हसायचे ते त्यांच्या एका हट्टाला. इंजिनचं ऑइल बदलायला गाडी आत घेतली की ऑइलचा फिल्टरही बदलणारच. दर पाच हजार किलोमीटरला दोन्ही, त्यात घासाघीस नाही.

"आशान, गाडीच्या पुस्तकात दहा हजार लिहिलंय," मी म्हणायचो.

"पुस्तक लिहिणारा कधी आपल्या वेलदोड्याच्या मळ्यांत आला होता का? हा घाट, ही धूळ बघून तो पुस्तक टाकून पळाला असता."

"बरं, मग फिल्टर एकाआड एक वेळी तरी?"

"आंघोळ केल्यावर तू कालचाच बनियन घालतोस का रे बेबिच्चा? घालत असशील म्हणा, वास तर येतोय."

एवढं म्हटलं की सगळं स्टँड खिदळायचं. माझ्यासकट.

त्यांची आणखी एक सवय होती. नवा फिल्टर बसवताना त्याच्या डब्यावर खिळ्याने तारीख कोरायची आणि काढलेला जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "घरी ने. इट्टूपने खरंच बदलला की नुसतं बिल लावलं, ही शंका नको." मी ते जुने फिल्टर परसातल्या पडवीत फेकून द्यायचो. तिथे माझे वडील, अप्पच्चन, दिवसभर बसलेले असायचे. तीस वर्षं लॉरी चालवलेला माणूस. "आम्ही फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन परत लावायचो. तुमचं आपलं उठलं की फेक," असं पुटपुटायचे. मी कुठे लक्ष देतोय!

एका वर्षी मे महिन्यात शेजारच्या कुर्यनच्या मुलीचं लग्न होतं. नवरीची गाडी माझी. फुलं काय, फिती काय, थाट विचारू नका. चर्चच्या चढावर आधी ऑइलचा लाल दिवा लागला, मग इंजिन खडखडलं आणि गाडी जी बसली ती बसलीच. नवरी चर्चला पोहोचली केळ्यांच्या टेम्पोतून, पांढऱ्या साडीवर केळ्याचा डाग घेऊन. कुर्यनची बायको मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी दोरीने ओढून स्टँडवर आणली, खालून फिल्टर काढला. त्यावरची तारीख मागच्या वर्षाच्या जानेवारीतली! आणि आशाननी ऑइल आणि फिल्टर बदलल्याला महिनाही झाला नव्हता. माझं डोकं फिरलं. तसाच फिल्टर हातात घेऊन गॅरेजात घुसलो, मागून सगळं स्टँड. बाजाराला आलेले अप्पच्चनही त्या घोळक्यात होते.

"चोर आहेस तू, म्हाताऱ्या!" त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मी 'तू' म्हणालो.

आशाननी फिल्टर उचलला, तारीख वाचली, नाकाजवळ नेला. मग माझ्या मागे जमलेल्या लोकांकडे जरा वेळ बघितलं.

"मी नवा बसवला होता," ते एवढंच म्हणाले.

"मग हा काय आपल्या पायांनी चालत आला?"

लोक हसले. आशान फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मग स्टँडवरची एकही गाडी त्यांच्याकडे गेली नाही. मीच जाऊ दिली नाही, कुणी निघालाच तर आडवा जाऊन त्याला माझी गोष्ट ऐकवायचो. नाताळच्या आत गॅरेजला कुलूप लागलं. आशान खाली मुंडक्कयमला मुलीकडे राहायला गेले.

तीन वर्षांनी अप्पच्चन वारले. त्यांची पेटी आवरताना जपमाळ, लॉरीचं लायसन आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फिल्टर निघाला. नवाकोरा म्हणावा असा. त्यावर खिळ्याने कोरलेली तारीख त्या लग्नाच्याच वर्षाच्या एप्रिलमधली, इट्टूप आशानच्या हातची.

अप्पच्चननी माझ्या नकळत नवा काढून पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला होता आणि पडवीतला जुना रॉकेलने धुऊन चढवला होता. आतल्या कागदाचा लगदा झाला, ऑइल अडलं, इंजिन गेलं. पोराचा खर्च वाचावा म्हणून केलं. आणि त्या दिवशी गप्प राहिले ते माझ्या तोंडाला घाबरून. माझा बाप मला घाबरायचा, हेही मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मुंडक्कयम गाठलं. आशान ओसरीवर टॅपिओकाचे कंद सोलत बसले होते, खूप वाळले होते. मी फिल्टर पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"बराच जपून ठेवला की म्हाताऱ्याने," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रॉकेलचा वास येत होता रे. आणि तुझ्यामागे तो उभा होता, लुंगीचं टोक पिळत."

"मग बोलला का नाहीत, आशान?"

"मला तू चोर म्हणालास. त्याला त्या सगळ्यांसमोर काय म्हणाला असतास?"

मला रडू आवरेना. "उद्याच स्टँडवर सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो.

"सांग. पण बापाला नावं ठेवू नकोस."

सकाळी स्टँडवर गेलो, फिल्टर बॉनेटवर ठेवला आणि मोठ्याने सगळं सांगितलं. चोर कुणीच नव्हता, माझं तोंड तेवढं वाईट होतं, असं म्हणालो. त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघे आखातात गेले होते, एकाने गाडी विकली होती, बाकीचे कुठे पांगले कोण जाणे. समोर सगळे नवे चेहरे. एकाने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि मला दादा म्हणून हाक मारली.

"चेट्टा, पण हा इट्टूप आशान कोण?"

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. तेवढ्यात त्याला भाडं आलं आणि तो गेला.