भोकां आसत काय?

माझ्या बायकोच्या मामांइतका जगाच्या खालच्या बाजूवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल. कुठलीही वस्तू हाती आली की ते आधी ती उलटी करतात. कारण फणसांबा. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी टणक अळंबी येते, ती सहाणेवर उगाळून तोंड आलेल्या पोरांना लावतात, एवढं आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. पण ती ओळखायची अक्कल देवाने आपल्यालाच दिली, असा मामांचा दावा. "खाली पडदे दिसले तर साधी अळमी, भोकां दिसली तर फणसांबो!" हे त्यांनी इतक्यांना ऐकवलंय, की मालवणच्या बाजारातल्या मासेवाल्या त्यांना बघून सुरमई आपणहून उलटी करतात.

आमच्या साखरपुड्याला पानात आंबोळी पडताच त्यांनी खिशातलं भिंग काढून तिची भोकं तपासली. मामा खोट काढतायत असं माझ्या वडिलांना वाटलं, ते अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. गेल्या साली शेजाऱ्यांच्या गोठ्यात वाशाखाली राखाडी काहीतरी दिसलं. मामा शिडीवर चढले, भिंग लावलं आणि ओरडले, "भोकां आसत!" होती खरी. त्यांतून गांधीलमाशा बाहेर आल्या. मामांचा ओठ आठवडाभर भज्यासारखा सुजला होता, पण चुकलो म्हणतील तर शपथ. "भोकां होती मा?" एवढंच. अर्धवट ज्ञानाला भिंग लावलं की ते दुप्पट दिसतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

फणसांबा आला म्हणजे झाड आतून कुजलं, हेही त्यांचंच शास्त्र. त्या जोरावर त्यांनी वाडीतले कितीतरी फणस तोडायला लावले. यंदा त्यांच्याच दारातल्या कापा फणसावर, बुंध्याशी, तपकिरी खुरासारखं काहीतरी उगवलं. तो फणस मामींनी लावलेला. मामी जाऊन तीन वर्षं झाली. मामा आठ दिवस त्या बाजूला फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी मला बोलावलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि स्वतः विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

"जावयानू, तुमीच बघा. भोकां आसत काय?"

मी वाकलो. भिंगाची गरजच नव्हती, भोकं नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती. इतकी वर्षं या माणसाची टर उडवली, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

"नाय हो मामा," मी म्हटलं. "भोकां खंय?"

उभ्या जन्मात दुसऱ्याचं मत न मानणाऱ्या मामांनी माझं मत एका शब्दाचीही शंका न काढता मानलं आणि ते घरात गेले. भिंग त्यांनी अजून परत मागितलेलं नाही.